जगदाळेबाईंचा हात

मागच्या रविवारी ईशानने फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या शाळेत टीचर खरंच मारायचे? मग त्यांना पोलीस का नाही न्यायचे?" मी म्हटलं, मारायचे, आणि पोलीस नेत नसत. तेवढ्यात तुमच्या आईने फोन घेतला आणि तिकडच्या थंडीविषयी बोलायला लागली. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एकाही मुलीवर हात उगारला नाही, हे मी तुम्हाला कितीतरी वेळा सांगितलं आहे. सांगितलं नाही ते हे, की त्याच शाळेत सर्वांत जास्त मारणारी बाई माझी सर्वांत जवळची मैत्रीण होती. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. रेवा, तुला मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घे. पण तिला मधलं काही गाळू देऊ नकोस.

त्यांचं नाव इंदुमती जगदाळे. आमच्याकडे त्या पी.टी. शिकवायच्या. उंचीने माझ्याएवढ्याच, म्हणजे बुटक्या. पांढरं पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. पण लोकांच्या लक्षात राहायचा तो त्यांचा उजवा हात. रुंद पंजा, आखूड बोटं, लाठी फिरवून पडलेले घट्टे. मुली म्हणायच्या, मार बसायच्या आधी लेझमीच्या लोखंडाचा वास येतो. वास आला की डोळे मिटून घ्यायचे.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. वडील कोयनेच्या धरणावर मुकादम होते आणि त्यांच्या हातात नेहमी वेताची छडी असे, ती घरी आल्यावरही खाली ठेवली जात नसे. एवढंच त्यांनी मला बालपणाविषयी सांगितलं, तेही हसत. "आमच्यात तोंडानं कोण बोलतंय, बाई? जेवायला ये म्हणायचं तरी पाठीत एक घालून म्हणायचं."

शाळेत आम्ही एकमेकींना विषयावरून हाक मारायचो. मी इंग्लिशबाई, सुमती सायन्सबाई, नलिनी ड्रॉइंगबाई. जगदाळेबाईंना मात्र सगळे जगदाळेबाईच म्हणायचे. त्यांना विषयाच्या नावाने हाक मारायची कुणाची छाती झाली नाही.

दर शनिवारी मैदानावर त्या एक खेळ घ्यायच्या. मुलींनी गोल करायचा, एकीने मध्ये उभं राहायचं आणि बाकीच्यांनी तिला चेंडूने मारायचं. इतर शाळांत चेंडू लागला की मुलगी बाद होते. आमच्याकडे नियम वेगळा होता. चेंडू कितीही लागला तरी बाद नाही. रडली ती बाद. त्यामुळे पाठीवर, पोटरीवर लाल चकंदळं घेऊन मुली ओठ आवळून मध्ये उभ्या राहायच्या, आणि बाई कडेला उभ्या राहून ओरडायच्या, "हाण जोरात! तिला काय लोण्याची केलीय?" जी शेवटपर्यंत टिकायची तिच्या पाठीवर थाप मारायच्या. ती थापही सोसायला लागायची.

तुम्हाला हे वाचून राग येईल. मलाही यायचा. पण दुसरी बाजूही लिहिते. एकदा संध्याकाळी एस.टी. स्टँडवर आठवीच्या एका मुलीला गर्दीत एका माणसाने नको तिथे चिमटा काढला. मुलगी नुसती गोरीमोरी झाली. जगदाळेबाई मागेच उभ्या होत्या, हातात संमेलनाच्या लेझमी होत्या. त्यांनी त्याच्या तोंडावर लेझीम मारली. तो पडला तरी मारली. त्याचे दोन दात फरशीवर पडलेले मी पाहिले आहेत. हवालदार आला आणि म्हणाला, "बाई, कायदा हातात घेऊ नका." बाई म्हणाल्या, "तुमच्या हातात होता की मगापासनं. तुमी काय केलं?" हवालदार त्या माणसाला घेऊन गेला. जाताना त्याने बाईंना सलाम केला. मला आजही वाटतं, तो उपरोध नव्हता.

आमची मैत्री झाली ती माझ्या तक्रारीवरून. एका उन्हाळ्यात कवायतीत एक मुलगी भोवळ येऊन बसली. ती सोंग करते असं वाटून बाईंनी तिच्या कानाखाली लगावली. नाकातून रक्त आलं आणि पांढरा युनिफॉर्म छातीपर्यंत लाल झाला. मी मुख्याध्यापिकांकडे दोन पानी लेखी तक्रार दिली, आणि ती देण्याआधी शिस्तीत जगदाळेबाईंना जाऊन सांगितलं की मी तुमच्याविरुद्ध लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या. मी मनातून घाबरले, हे कबूल करते.

"इंग्लिशबाई, ते वाचलं मी. खरं लिवलंय."

"खरंच आहे ते."

"व्हय की. माझ्या मागं सगळीच बोलत्यात. तोंडावर सांगून करणारं माणूस पयल्यांदा भेटलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला आता माफीचं पत्र द्यायचंय त्या पोरीच्या बापाला. ते तुमीच लिवून द्या. तुमचं अक्षर बरं हाय."

मी लिहून दिलं. त्यांनी सही केली. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलीला मारलं.

त्यांचे यजमान फौजेत होते आणि लवकर वारले. एकच मुलगी, नंदा. ती आमच्याच शाळेत शिकली. शांत, उंच, खाली मान घालून चालणारी. शनिवारच्या खेळात ती सलग तीन वर्षं शेवटपर्यंत टिकली होती. आईची मुलगी म्हणून मुली तिला जास्त जोरात मारायच्या आणि आई त्यांना अडवायची नाही. बारावीनंतर शिराळ्याजवळच्या एका मुलाशी तिचं लग्न झालं. जावई विलास आधी कुपवाडला लेथ मशीनवर कामाला होता. मग त्याला दिल्लीजवळ फरिदाबादला एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली आणि नंदा तिकडे गेली.

आम्ही चौघी उत्तर भारताच्या सहलीला गेलो त्या वर्षी तुमची आई बारावीत होती. खरं म्हणजे आम्ही तिघीच जाणार होतो, सुमती, नलिनी आणि मी. दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली, मथुरा, आग्रा. मी दिवसवार कार्यक्रम टाईप करून तिघींना एकेक प्रत दिली होती. सप्टेंबरात एक दिवस जगदाळेबाईंनी माझ्याकडची प्रत मागून घेतली आणि बोट फिरवत वाचली.

"दिल्लीस्नं आग्र्याला जाताना फरिदाबाद लागतंय?"

"लागतं ना. का?"

त्यांनी पिशवीतून दोन पत्रं काढली. पहिलं नंदाचं, दोन महिन्यांपूर्वीचं. मी खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असाल, मी जिन्यावरून पडले त्यामुळे डावा हात मोडला आहे, प्लास्टर घातलं आहे, काळजी नसावी. दुसरं एक कार्ड होतं, शेजारणीचं. तीही आपल्याच भागातली, इस्लामपूरची, नाव शोभा. शाळा चौथीपर्यंत झाली असावी, पण तिचं ते कार्ड मी विसरले नाही. लिहिलं होतं, "काकी तुमची नंदा लय वेळा जिन्यावरनं पडती. आमच्या चाळीला जिना न्हाई. सगळ्या खोल्या खाली हायेत."

मी ते दोनदा वाचलं.

"गेल्या वर्सी पंचमीला आलती," जगदाळेबाई म्हणाल्या. "मानंवर हिरवंनिळं हुतं. मी इचारलं. काय न्हाई म्हणाली. मला कळलं हुतं, इंग्लिशबाई. न कळायला मी काय दुधखुळी हाय? पण मी म्हटलं, संसारात चालायचंच. चवथ्या दिवशी गाडीत बसवलं. बसवताना तिला म्हटलं, रडली ती बाद."

पोलिसांत कळवावं, नातेवाइकांना पाठवावं, असं मी सुचवत राहिले. त्या मान हलवत राहिल्या. आधी कळवलं तर तो खोली बदलेल किंवा मुलीला कुठे लपवेल. एकटीने जावं तर त्या साताऱ्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या आणि हिंदीचा पत्ता नव्हता. "फिरायला आलेल्या चार मास्तरणी, दिवाळीचा फराळ घेऊन दारात उभ्या. दार उघडंल का न्हाई?" त्यांनी विचारलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला तिला जित्ती आणायचीय."

अशा रीतीने आम्ही चौघी सहलीला निघालो. सुमतीला आणि नलिनीला मी गाडीत सांगितलं. सुमती म्हणाली, "आपण शिक्षिका आहोत, हे आपलं काम नाही." आणि मग तिने स्वतःच्या बॅगेतली औषधं पुन्हा एकदा तपासली. नलिनी म्हणाली, "मला भीती वाटते गं. पण येते मी आत."

दिल्लीत आम्ही दोन दिवस प्रेक्षणीय स्थळं पाहिली. ठरलं होतं ते मी पार पाडणारच, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडी ठरवली होती, एक जुनी मॅटॅडोर. ड्रायव्हरचं नाव रामपाल. जगदाळेबाई त्याच्या मागच्या सीटवर बसायच्या आणि तो ओव्हरटेक करायला लागला की म्हणायच्या, "ए भय्या, सरळ चलाव. नही तो कानके नीचे आवाज काढूंगी." रामपालला शब्द कळत नसत, पण तो वेग कमी करायचा. लाल किल्ला पाहून त्या म्हणाल्या, "हा कसला किल्ला? रिक्षा दारापर्यंत येती. आमचा अजिंक्यतारा चढताना माणूस निम्म्यात देवाचं नाव घेतंय." कुतुबमिनाराकडे त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याला जिना हाय म्हणं."



लाल किल्ल्याबाहेर एका माणसाने नलिनीची पर्स ओढली. जगदाळेबाईंनी त्याचं मनगट पकडून हात पाठीमागे पिळला. पर्स खाली पडली, नलिनीने ती उचलली. विषय तिथे संपायला हवा होता. पण बाई पिळतच राहिल्या. तो माणूस गुडघ्यावर आला, गयावया करू लागला, आणि मग मला एक आवाज ऐकू आला. ओली काडी मोडावी तसा. मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर राग नव्हता. स्वेटर विणताना टाके मोजणाऱ्या बाईचा चेहरा असतो तसा चेहरा होता. मी त्यांना ओढून गाडीत बसवलं.

"त्याचा हात मोडला तुम्ही."

"मोडला आसंल." त्यांनी पुड्यातला चिवडा तोंडात टाकला. "हात गरम ठिवायला पायजे उद्यापतुर."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला विलासची नव्हे, त्यांची भीती वाटते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही फरिदाबादला पोचलो. विलासची त्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, तो सकाळी घरी असतो, हे शोभाने कळवलं होतं. कारखान्यांच्या मागे विटांच्या खोल्यांची लांब रांग होती, वर पत्रे, सगळ्या एका उंचीच्या. मी नकळत जिना शोधला. नव्हता.

दार नंदाने उघडलं. थंडी सुरू झाली नव्हती, तरी तिने लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. आईला बघून ती हसली नाही, रडली नाही. आधी मागे वळून बघितलं. मग वाकून आम्हा चौघींच्या पाया पडली. डावा हात कोपरापासून जरा वाकडा जुळला होता. नमस्कार करताना तो जमिनीला टेकला नाही.

विलास मात्र अगदी अगत्याचा. चांगला दिसायचा, बोलायचा गोड. सासूला तो मामी म्हणे. "या की मामी. आधी कळवायचं न्हाई व्हय? स्टेशनवर आलो आसतो." त्याने आम्हाला कॉटवर बसवलं, स्वतः पत्र्याच्या खुर्चीत बसला, फराळाचा डबा उघडून चकली खाल्ली आणि तारीफ केली. पाच मिनिटं मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं आहे.

नंदाने पाण्याचे पेले आणले. आम्ही तिघींनी घेतले. जगदाळेबाईंनी घेतला नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज, आणि तो त्या पाळत.

विलास हसला. "मामी अजून पाळत्यात व्हय? मग तहानंनं मराल की. तुमच्या पोरीला एक झेपंना. तिसऱ्या म्हयन्यात टाकून मोकळी झाली."

नंदाच्या हातातलं ताट वाजलं. जगदाळेबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पत्रात हे आलेलं नव्हतं.

"कवा?"

"हात मोडला तवाच," नंदा म्हणाली.

मग जगदाळेबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "नंदा, जिना कुठं हाय गं?"

विलासची चकली हातात तशीच राहिली. तो उठला आणि नंदाचा तो वाकडा हात बरोबर मोडला होता तिथेच धरला. "जा, चहा टाक पाव्हण्यास्नी," असं म्हणाला आणि दाबला. त्याची बोटं पांढरी झालेली मला दिसली. नंदाचे ओठ पांढरे झाले. तोंडातून आवाज आला नाही.

"दुखतंय का?" जगदाळेबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"दुखतंय का म्हणती मी."

"न्हाई, आई."

"आगं मग रड की. रड म्हणती न्हवं!" असं म्हणताना बाईंचा उजवा हात वर गेला. मुद्दाम नाही. मैदानावर शेकडो वेळा जायचा तसाच गेला.

आणि नंदा खाली बसली. होती त्या जागी, क्षणात. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीत, दोन्ही हात डोक्यावर, वाकडा हात खाली आणि चांगला वर. इतक्या सफाईने, की जणू कुणी तिच्याकडून हे रोज करून घेतलं होतं. नवऱ्याने हात सोडला होता. ती आईच्या हाताखाली बसली होती.

जगदाळेबाईंचा हात हवेत तसाच राहिला.

विलासला हसू आवरेना. "बघा मामी. ही तुमचीच शिकवण. मला काय लय कष्ट पडलं न्हाईत."

पुढचं मी थोडक्यात लिहिणार होते. पण ईशान, तू विचारलंस, म्हणून नीट लिहिते. तो हात त्याच्या कानावर पडला आणि तो भिंतीवर आदळला. आरसा खाली येऊन फुटला. त्याने उठता उठता पाण्याचा स्टीलचा जग उचलून बाईंच्या कपाळावर घातला. कातडी फाटली, रक्त डोळ्यात आलं, पांढरं पातळ भिजलं. बाईंनी ते पुसलंसुद्धा नाही. त्यांनी त्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर मारत राहिल्या. उघड्या पंजाने, मग मुठीने. त्याच्या जबड्याचा आवाज झाला. आधी तो शिव्या देत होता, मग "मामी, मामी" म्हणायला लागला, मग तेही थांबलं. सुमती किंचाळत होती. मी पुढे होऊन बाईंचा दंड धरला, तर त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. माझा पुढचा दात अर्धा आहे तो तेव्हाचा. तुम्हाला मी सांगितलं होतं की बाथरूममध्ये पाय घसरला.

त्या त्याला मारून टाकतील, असं मला स्वच्छ दिसत होतं. मुलीला जिवंत न्यायला आलेली बाई तिथेच मुलीला टाकून तुरुंगात जाईल. आणि मला त्यांना थांबवता येत नव्हतं.

थांबवलं नंदाने. ती उठली, आईच्या मागे गेली आणि चांगल्या हाताने आईचं वर गेलेलं मनगट धरलं. मार नको, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "आई, मला जायचंय."

बाईंचा हात सैल पडला.

शेजारची शोभा तोवर दारात आली होती. तिने न बोलता नंदाची ट्रंक बाहेर काढली. विलास कुशीवर वळून रक्त थुंकत होता. सुमतीने, शास्त्र शिकवणारी ती, त्याची नाडी बघितली, त्याच्या तोंडाला ओला टॉवेल लावला आणि शोभाच्या नवऱ्याला डॉक्टर आणायला पाठवलं. मगच ती गाडीत बसली. रामपालने आमच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मथुरा?" मी म्हटलं, "मथुरा."

कारण परतीचं रिझर्वेशन आग्र्याहून होतं, तेही दोन दिवसांनंतरचं. दुसरीकडे जायला आम्हाला जागाच नव्हती. त्यामुळे झालं असं, की आम्ही सहल पूर्ण केली. मथुरेला देवळात बाईंच्या कपाळाला गुंडाळलेला रुमाल बघून पुजाऱ्याने वाट करून दिली. माझा ओठ लिंबाएवढा सुजला होता. खाकी कपडे दिसले की नलिनी आमच्या मागे लपायची. आग्र्याला ताजमहालाच्या आवारात एक फोटोवाला मागे लागला, "माताजी, थोड़ा मुस्कुराइए," आणि जगदाळेबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिल्यावर तो दुसऱ्या लोकांकडे गेला.

नंदाला मात्र ताजमहाल बघायचा होता. दोन वर्षं ती तिथून तीन-चार तासांवर राहत होती आणि तिला खोलीबाहेर नेलं नव्हतं. ती चपला काढून पळाल्यासारखी वर गेली. आम्हाला तिचा हात धरायला लागला नाही. जगदाळेबाई खाली चपला सांभाळत बसल्या, पाठ ताजमहालाकडे. मी त्यांच्याजवळ बसले.

"इंग्लिशबाई, ती कशी खाली बसली ते तुमी बघितलं?"

"हो."

"सायन्सबाईंनी? ड्रॉइंगबाईंनी?"

"सगळ्यांनी पाहिलं."

त्या नंदाची चप्पल हातात घेऊन तिची तुटायला आलेली वादी बघत राहिल्या. "ते त्यानं शिकवलेलं न्हाई. ती पाच वर्सांची आसल्यापास्नं तशीच बसती. वाकडा हात खाली घ्यायचा, येवढंच त्येच्याकडनं शिकली."

मी संगमरवराकडे पाहत राहिले.

विलासने पोलिसांत तक्रार केली नाही. सासूने जबडा मोडला, हे कुठल्या तोंडाने सांगणार? महिन्याभराने त्याच्याकडचे दोन वडीलधारे सांगलीला आले, नंदाला परत न्यायला. बाईंनी मला बोलावून घेतलं, काय ठरतं ते कागदावर लिहायला.

थोरले म्हणाले, "नवरा-बायकूचं भांडण कुठं न्हाई? पर सासूनं जावयावर हात टाकलेला आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं न्हाई. आधी माफी मागा, मग बोलू."

"मागती की माफी," जगदाळेबाई म्हणाल्या. "पर त्येची न्हाई. माझा हात वाईट हाय, आवं. पयल्यांदा हिच्यावर पडला. हिला मार गिळायला मी शिकवलं आन तुमच्या दारात दिली. तवा माफी मागायची तर तिची." त्या नंदाकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. "आन तिला न्यायचं नाव काढलंत, तर त्यो हात अजून मोडलेला न्हाई. च्या घ्या."

ते चहा पिऊन गेले. मी कागदावर फक्त तारीख लिहिली होती. पुढे कोर्टात चार वर्षं गेली आणि नंदा मोकळी झाली.

शाळेत मात्र बाईंचं बिघडलं. दिवाळीनंतर पहिल्या दिवशी त्या मैदानावर आल्या त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून. शनिवारचा खेळ त्यांनी बंद केला. त्याऐवजी लगोरी घ्यायला लागल्या. मुलींना आधी वाटलं, बाईंची पाठ दुखते. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई मारत नाहीत. पंधरा दिवसांत रांगा वाकड्या झाल्या, कवायतीत हसणं सुरू झालं, नववीच्या एका मुलीने त्यांच्या चालण्याची नक्कल त्यांच्यासमोर केली. बाई बघत राहिल्या. पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलेलं असे, की तास संपल्यावर तिथे वळ दिसत. मारण्याशिवाय शिकवायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्या वयात शिकता आलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी वाईट पी.टी. शिकवली. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "तुमची तक्रार होती तेव्हा शाळेला शिस्त तरी होती."

निवृत्तीनंतर त्या नंदाबरोबर राहायच्या. नंदाला कुपवाडला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं होतं. तयार झालेले सुटे भाग मापात आहेत का ते तपासायचं. ती लूना घेऊन जायची, वाकडा हात हँडलवर नीट बसत नाही म्हणून बाईंनी हँडल वाकवून घेतलं होतं.

मी सांगली सोडून पुण्याला यायच्या आधी त्यांना भेटायला गेले. दुपार होती, नंदाला सुट्टी होती, ती खाली बसून तांदूळ निवडत होती. आम्ही बोलत होतो आणि बाई चहा करायला उठल्या. साखरेचा डबा फळीवर, वर होता. त्या फळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नंदा, डबा काढती." मग हात वर केला. मला वाटलं, नंदाला काही हवं असेल. नंदाने मान वर केली नाही, नुसतं "हं" म्हणाली.

थोड्या वेळाने पंख्याचं बटण. "नंदा, पंखा लावती." खुंटीवरची पिशवी. "नंदा, पिशवी घेती." प्रत्येक वेळी आधी सांगायचं, क्षणभर थांबायचं, मग हात उचलायचा. मी विचारलं नाही. बाईंनीच, नंदा आत गेल्यावर, चहा गाळता गाळता सांगितलं. "न सांगता हात वर गेला की अजून बसती हो ती. आठ वर्सं झाली. तिला ठावं हाय मी मारत न्हाई. अंगाला ठावं न्हाई."

मी निघाले तेव्हा दोघी फाटकापर्यंत आल्या. रिक्षा सुरू झाली. मी मागे वळून हात केला. जगदाळेबाईंचे हात पाठीमागे होते. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नंदाकडे मान वळवली. रिक्षाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसले. नंदाने मान डोलावली. मग त्यांनी उजवा हात सावकाश वर केला, आणि रिक्षा वळेपर्यंत तो खाली घेतला नाही.